तिसरा की चौथा

आमच्या घरात एका बाबतीत कधी दुमत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, त्या शर्यतीत तिसरे आले होते आणि त्यांना मुद्दाम चौथं ठरवण्यात आलं होतं. देव आहे की नाही यावरून माझे दोन काका भरल्या ताटावर भांडत, पण नानांच्या नंबराबद्दल कुणी ब्र काढत नसे.

शर्यत पन्नासच्या दशकातली. परदेशात, बऱ्याच देशांचे खेळाडू जमलेले, पुरुषांची शंभर मीटर. नाना तेव्हा विशीत होते, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचे खो-खोचे गडी. पळण्याची शर्यत हा त्यांचा खेळच नव्हता. कुणीतरी त्यांना खो-खोत पाठलाग करताना पाहिलं आणि जिल्ह्याला नेलं, तिथून राज्याला, तिथून देशाला, आणि एकाच मोसमात स्वारी परदेशी पोचली. आपल्याकडे त्यांच्या जवळपासही कुणी येत नसे. त्यामुळे शेवटच्या रेषेवर बरोबरीची वेळ आली तर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

पहिल्याच फेरीत ती वेळ आली. पहिले तिघे पुढे जाणार होते. दोघे स्पष्ट पुढे निघून गेले होते आणि शेवटच्या काही पावलांवर शेजारच्या पट्ट्यातला एक उंच गडी नानांच्या बरोबरीला आला. नानांनी लहानपणापासून जे केलं होतं तेच केलं. सूर मारला. खो-खोत समोरचा हाताबाहेर जायला लागला की पाठलाग करणारा स्वतःला आडवा झोकून देतो. बोटाचं टोक लागलं तरी गडी बाद. तसे नाना दोन्ही हात पुढे करून रेषेपलीकडे जाऊन पडले. त्या काळी ट्रॅक कोळशाच्या राखेचा असायचा. कोपरं सोलून निघाली आणि राखेचे कण कातडीखाली कायमचे राहिले. मी लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून ते काळे ठिपके चाचपत असे.

पंचांनी त्यांना चौथं दिलं. नाना रक्ताळलेल्या हातांनी उठले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडायला गेले. माझा हात आधी पोचला, हात आधी. त्यावर त्या पंचाने काय करावं? स्वतःची छाती थोपटली. दोनदा. 'मी सांगतो तेच खरं, असा माज,' असं नाना सांगत, आणि सांगताना स्वतःची छाती इतक्या जोरात बडवत की आई आतून म्हणायची, "अहो, जरा हळू."

परत आल्यावर नाना पुन्हा कधी शर्यतीत उतरले नाहीत. पाटबंधारे खात्यात चिकटले, संध्याकाळी पोरांना खो-खो शिकवला, पण रेडिओवर धावण्याच्या शर्यतींची बातमी लागली की उठून बटण बंद करायचे. टीव्ही आल्यावर टीव्ही बंद करायचे.

ही गोष्ट मी कॅनडात आणली. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला सांगितली, नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात लंचला सांगितली. मला सांगताही छान येते. बँकेच्या आयटीत मी मॅनेजरला तोंडावर 'हे चुकलंय' म्हणणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे, आणि हा गुण मी नानांकडून घेतला असं मी अभिमानाने म्हणत असे. अन्याय झाला तर बोलायचं. माझी चूक असण्याची शक्यता मी साधारणपणे शेवटी तपासते.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात नाना आमच्याकडे ओकव्हिलला आले. पंच्याऐंशीला टेकलेले, पण ताठ. पहिला आठवडा त्यांनी सोफ्यावर बसून काढला. मग घरामागच्या शाळेचं मैदान त्यांना सापडलं. लाल रबरी ट्रॅक. पहिल्या दिवशी ते वाकून त्यावर हात फिरवत होते. घरी येऊन म्हणाले, "असल्या गादीवर पडलो असतो तर कोपरं वाचली असती."

त्या मैदानावर सकाळी काही म्हातारी मंडळी पळायला यायची. साठीच्या पुढचीच सगळी. त्यांची एक कोच होती, शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली, शिट्टी गळ्यात आणि केस पांढरेशुभ्र. नाना चार दिवस कठड्याशी उभे राहून पाहत होते. पाचव्या दिवशी तिने त्यांना हाताने बोलावलं. पंधरवड्यात हे गृहस्थ माझ्या नवऱ्याची ट्रॅक पॅन्ट घालून तिसाव्या-चाळिसाव्या मीटरपर्यंत असे काही पळत होते की बाकीचे थांबून बघत. ऑगस्टमध्ये नॉर्थ यॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या मैदानावर वयस्कांच्या शर्यती होत्या. कोचने विचारलं आणि नानांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं.

घरात रणकंदन झालं. नवरा म्हणाला, "व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बसत नाही, मी फोन करून विचारलंय." पुण्याहून भावाने मला खडसावलं की म्हाताऱ्या माणसाचा तमाशा करू नकोस. मी मात्र नानांच्या बाजूने ठाम उभी राहिले. त्यांना फॅमिली डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने हृदय तपासलं, हाडांचा स्कॅन काढला आणि म्हणाला, "ही कॅन रन. ही कॅनॉट फॉल." पळायला हरकत नाही, पडायला आहे. हाडं इतकी विरळ झालीत की खुबा मोडला तर पुन्हा उभं राहण्याची खात्री नाही. मी नानांना मराठीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पडतोय कशाला मी? पडलो तर जिंकायलाच पडेन."

मी हसले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका रविवारी सरावानंतर मंडळी गवतावर कॉफी पीत बसली होती. कुणीतरी नानांना विचारलं, "तुम्ही तरुणपणी पळायचात का?" नाना माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांग गं यांना." मी सांगितली. माझी सगळी कला पणाला लावून सांगितली. सूर, राख, माजोरडा पंच, थोपटलेली छाती. ऑफिसात या ठिकाणी लोक हमखास 'ओ माय गॉड' म्हणतात. इथे कुणी काही म्हणालं नाही. एकाने कॉफीच्या कपात पाहिलं. नानांना वाटलं, मंडळींना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी समाधानाने मान हलवली.

कोचने मला पाणी भरायच्या निमित्ताने बाजूला घेतलं. "त्यांचे हात पुढे होते," ती म्हणाली, "पण छाती?"

"छाती मागे असणारच ना," मी म्हणाले. "सूर मारला होता त्यांनी."

"हात धरत नाहीत. कधीच धरत नव्हते. रेषेवर धड मोजतात, खांद्यापासून कमरेपर्यंतचं. हात, पाय, डोकं काहीच नाही." आणि मला समजलं नसेल असं वाटून तिने स्वतःच्या छातीवर हाताने थापटलं. दोनदा.

मी नळाशी तशीच उभी राहिले. बाटली भरून पाणी वाहायला लागलं तरी मला कळलं नाही. म्हणजे तो पंच माज दाखवत नव्हता. समोरच्या पोराला इंग्रजी येत नाही हे ओळखून तो बिचारा खुणेने नियम समजावत होता. आणि आम्ही त्याला दोन पिढ्या शिव्या दिल्या.

कोचचा मुद्दा वेगळाच होता. "हा माणूस शनिवारच्या शर्यतीत कुणाच्या बरोबरीला आला तर सूर मारणार. पंच्याऐंशीव्या वर्षी. त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मॅनेजरला तोंडावर बोलणारी मी, स्वतःच्या बापापुढे माझ्या तोंडाला कुलूप लागलं. ते जेवताना मिटक्या मारत, शर्यतीच्या गोष्टी काढत, आणि मी पोळी वाढून आत जायची. न सांगावं तर ते पडणार. सांगावं तर ज्या रागावर हा माणूस आयुष्यभर उभा आहे तो राग पायाखालून काढून घ्यायचा. वर त्यात माझाही राग होताच. तो कुठे ठेवायचा हेही मला समजत नव्हतं.

बुधवारी त्यांना बूट घ्यायला मॉलमध्ये नेलं आणि परत येताना ४०३ हायवेवर गाडीत सांगितलं. गाडीतच सांगायचं मी ठरवलं होतं, कारण सीट बेल्ट बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

नानांनी नव्या बुटांचा खोका मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "त्या बाईला काय माहीत तेव्हाचं?"

"तेव्हाही हाच नियम होता नाना. मी विचारलं."

"खो-खोत बोट लागलं तरी चालतं."

"तो खो-खो नव्हता."

"आणि तो पंच? छाती काय उगाच बडवत होता?"

"तो तुम्हाला सांगत होता की छाती मोजतात."

त्यांनी मांडीवरचा बुटांचा खोका घट्ट धरला. मी गप्प बसायला हवं होतं. पण रविवारपासून कोंडलेलं होतं आणि माझा स्वभाव हा असा. मी म्हणाले, "मी शाळेत असताना धावण्यात जिल्ह्यात पहिली आले होते. मला राज्याला पाठवलं नाहीत तुम्ही. तिथे न्याय नसतो म्हणालात. नाना, न्याय होता. तुमच्याशी कुणी वाईट वागलंच नव्हतं."

गाडी घरासमोर लागली तेव्हा ते म्हणाले, "बेल्ट सोडव. मला जमत नाही." मी सोडवला. ते खाली बेसमेंटमधल्या त्यांच्या खोलीत गेले आणि रात्री जेवायला वर आले नाहीत. माझी मुलगी ताट घेऊन गेली. परत येऊन म्हणाली, "ही इज जस्ट सिटिंग देअर, आई. व्हॉट डिड यू डू?"

काय केलं हे मला चांगलं ठाऊक होतं आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच केलं असतं. पण त्या रात्री मला फार रडू आलं. बाप हरला म्हणून नाही. त्याला हे एकट्याने सोसावं लागतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. खिडकीतून पाहिलं तर नाना बॅकयार्डमध्ये. त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या बाहेर नेल्या होत्या, त्यांच्या पाठींना माझ्या विणकामाच्या पिशवीतली लाल लोकर बांधली होती, आणि कुंपणापासून झपाझप चालत येऊन त्या लोकरीवर छाती लावायचा प्रयत्न करत होते. नियम त्यांनी मान्य केला होता. मला न सांगता, मुकाट्याने, एका रात्रीत. हे माझ्याच्याने झालं असतं असं मला वाटत नाही.

पण हात ऐकत नव्हते. लोकर जवळ आली की ते आपोआप पुढे यायचे, बोटं ताठ, खांदे खाली. नाना थांबायचे, स्वतःच्या हातांकडे रागाने बघायचे आणि परत कुंपणाशी जायचे. दुपारी मुलगी त्यांच्या मदतीला गेली. "आजोबा, हँड्स बॅक. थिंक चेस्ट." ते मराठीत म्हणत होते, "अगं कळतंय मला, यांना कळत नाहीये." संध्याकाळपर्यंत दहा वेळा केलं तर तीनदा हात मागे राहायचे. शुक्रवारी सकाळी निम्म्या वेळा.

शुक्रवारी रात्री मी त्यांना म्हणाले, "नाना, नाही पळालात तरी चालेल."

"मला नाही चालणार," ते म्हणाले. माझ्याशी दोन दिवसांत बोललेलं ते पहिलं वाक्य. "पण पडलो तर तुझ्या भावाला कळवताना माझं नाव सांग, तुझं नको."

शनिवारी ऊन चांगलं होतं. नव्वदीच्या एका आजीबाईंना पळताना पाहून नाना चकित झाले आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग त्यांचा नंबर आला. ऐंशीपुढच्या पुरुषांची शंभर मीटर, चौघे जण. मी रेषेच्या अगदी पुढ्यात, कठड्याला धरून उभी. कोच माझ्या शेजारी. रबरी असला तरी तो ट्रॅक मला सिमेंटसारखा दिसत होता.

बंदूक वाजली. एक सडपातळ म्हातारा पहिल्यापासूनच पुढे गेला, त्याच्याशी कुणाचा सामना नव्हता. चौथा मागे पडला. मध्ये नाना आणि एक थोराड गृहस्थ, लाल टोपी उलटी घातलेले. नाना पुढे होते. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे काय ते जवळून पाहावं. पाय कमी उचलले जातात, मान ताणलेली, पण चेहऱ्यावर तोच हट्ट जो विशीत असेल. शेवटच्या टप्प्यात लाल टोपीवाले त्यांच्या बरोबरीला आले. माझ्या मनात आलं, आता. हेच ते.

नानांचे हात उठले. मी पाहिलं. खांदे खाली गेले, बोटं ताठ झाली, आणि मी कठड्यावरून कधी आत उडी मारली ते मला माहीत नाही. तेवढ्यात त्यांनी ते हात मागे ओढले. आपोआप नाही झालं ते, ओढले. अंगात येऊ घातलेली एक जुनी गोष्ट त्यांनी जोर लावून परत पाठवली आणि छाती पुढे काढली. रेषेपलीकडे दोन पावलं अडखळले, एका बाजूला झुकले आणि उभे राहिले. उभे.

मी त्यांना जाऊन धरलं. ते धापा टाकत म्हणाले, "सोड, लोक बघतायत."

पंचांनी आपसात पाहून निकाल दिला. नाना दुसरे. लाल टोपीवाले तिसरे. ते हसत हसत आमच्याकडे आले, कमरेवर हात ठेवून. नानांच्या छातीकडे बोट दाखवून म्हणाले, "यू गॉट मी विथ दॅट." मग विचारलं, "कुठे शिकलात? आधी पळायचात का?"

मी नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं. ती गोष्ट माझ्या जिभेवर असतेच, आणि आता तिचं काय करायचं हे मला ठरवायचंच होतं. नानांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी इंग्रजी जुळवायला जरा वेळ घेतला.

"येस. लाँग अगो. इंटरनॅशनल," ते म्हणाले. "हंड्रेड मीटर. फर्स्ट थ्री गो अप." मग एक श्वास घेतला. "आय केम फोर्थ."

आमच्या खानदानात हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं. गोरा म्हातारा डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने टोपी काढली आणि नानांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. "फोर्थ," तो म्हणाला. "इन द वर्ल्ड. माय गुडनेस." तो चौथा नंबर फेरीतला होता, जगातला नव्हे, हे नानांनी त्याला समजावून सांगितलं तरी तो मान हलवतच राहिला आणि बायकोला सांगायला गेला.

नाना गवतावर बसले. मी बाटली उघडून दिली. ते पाणी प्यायले, तोंड पुसलं, आणि समोरच्या ट्रॅककडे बघत म्हणाले, "चौथा काही वाईट नव्हता गं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मी त्या तिसऱ्या नंबरासाठी इतकी वर्षं भांडत बसलो, की चौथा आलो याचा आनंद करायचा राहूनच गेला. आणि तू जिल्ह्यात पहिली आलीस, त्याचाही."